धन्याचं नाव, दुकानाचा पत्ता

धानोऱ्याची सुंदरबाई कुणापुढं हार मानणारी नव्हे. मिरची वाळवायच्या पथारीवर भर उन्हात बायांची टोळी हाकणारी बाई ती! पण लेकीनं तिची पुरती कोंडी केली. रोहिणी कॉलेजात शिकते. तिनं आईच्या मसाल्याची वेबसाइट काढली आणि बापाच्या लाडापायी तिला नाव दिलं ‘हिलाल मिरची’. आता हिलाल म्हणजे सुंदरबाईचा नवरा. लग्न झाल्यापासून त्याचं नाव तिनं ओठांवर आणलं नव्हतं; ‘रोहिणीना बाप’ एवढ्यावरच सगळा संसार निभला.

“माय, शोधत बसू नको, दुसरास्ना दुकानं उघडतस,” रोहिणीनं शिकवलं. “वरनी पट्टीमा पूरा पत्ता टाक.”

सुंदरबाईनं चष्मा लावला आणि फोनवर धन्याचं नाव गाळून पुढचं तेवढं लिहिलं. जे तोंडानं घ्यायचं नाही, ते बोटानं तरी कसं घ्यावं? उघडलं कुण्या परक्याचंच पान. रोहिणी पोट धरून हसली. शेवटी एका दुपारी दार लोटून, देवाची माफी मागून सुंदरबाईनं एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर तिचीच लाल पथारी पसरली. बाई आनंदानं रडलीच.

मग नंदुरबारचं प्रदर्शन आलं. गेल्या साली लोकांनी मसाला वाखाणला, पण नंतर हवा होता तेव्हा त्यांना सुंदरबाई सापडलीच नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं. रोहिणीची परीक्षा होती, पत्त्याची पाटी हिलाल घरीच विसरला होता, आणि बाया फोन काढून उभ्या होत्या.

“मावशी, पत्ता सांगा ना!”

सुंदरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो पोत्यावर बसून मिशीत हसत होता. सांगायचं काही नाव घेईना. बाया पुढच्या दुकानाकडं वळू लागल्या. तेव्हा तिला एकदम सुचलं. नाव घ्यायची एक वाट तर बाईला पहिल्यापासून मोकळी आहे! तिनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

“पथारीवर लाल मिरची, खाले काळी जमीन,
लिखी ल्या ना ताई, हिलाल मिरची डॉट इन!”

टाळ्या पडल्या. सगळ्या फोनांवर तिची पथारी उघडली. हिलाल कानापर्यंत लाल झाला.

“परत सांग ना,” तो हळूच म्हणाला, “माले ऐकू नही उनं.”

“आते वरनी पट्टीमा लिखीसन देखा,” सुंदरबाई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा उखाणा घेतला, आधीपेक्षा मोठ्यानं.