डाव्या हाताचा मनोरा

बोलता बोलता सर मध्येच थांबायचे, वर्गाच्या भिंतीवर तळहात सपाट ठेवायचे आणि म्हणायचे, "मी सोता उभा होतो ना बाप्पा तिथं." मग हात तसाच ठेवून आमच्याकडे बघत राहायचे. भिंत आमच्या कॉलेजची, चुना सुटलेली. हात काढला की पांढरा निघायचा. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की वाटायचं, हात पोलंडमध्येच आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादी जागा त्यांच्या तोंडून ऐकली की आपणच जाऊन आलो असं वाटायला लागतं, आणि तिकीट काढायची गरज उरत नाही. सर आम्हाला वास्तुकलेचा इतिहास शिकवायचे. नागपुरातल्या त्या कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, पोलंडमधल्या त्या शहराचंही नाही. दोन्हीपैकी एक लिहिलं तरी सदर भागातल्या कुठल्याही आर्किटेक्टच्या ऑफिसात चहा संपायच्या आत सर कोण ते कळेल. मला ते नको आहे. रागावलेली मी आजही आहे, पण राग माझा आहे, तो गावभर वाटायचा नाही.

बाकीचे मास्तर लॅपटॉप घेऊन यायचे. सर मात्र जुना स्लाईड प्रोजेक्टर तान्हं पोर आणावं तसा छातीशी धरून आणायचे. लॅपटॉपवरच्या चित्राला ते 'वास नसलेलं जेवण' म्हणायचे. खिडक्यांना काळे कागद लावून झाले की कूलर बंद करायचा हुकूम सुटायचा, कारण कूलरच्या घरघरीत त्यांना दुसरं महायुद्ध नीट सांगता यायचं नाही. नागपूरचा एप्रिल, बंद कूलर, आणि आम्ही घामानं निथळत पोलंडच्या थंडीत बसलेलो.

त्यांची लाडकी स्लाईड एकच होती. युद्धाआधीचा एक काळापांढरा फोटो: त्या शहरातला जुना चौक. "नदीकडून शिरा. डाव्या हाताले घड्याळाचा मनोरा. उजव्या हाताले उतरत्या छपरांची घरं, एकमेकाले खेटून." युद्धात यातलं काहीच उरलं नव्हतं. नंतर लोकांनी जुने फोटो, नकाशे, म्हाताऱ्यांच्या आठवणी असं जमेल ते गोळा केलं आणि तोच चौक पुन्हा बांधला, खिडकीच्या जागी खिडकी. सर सांगायचे की तिथं त्यांना एक आजीबाई भेटल्या होत्या. आजीबाईंनी वर बोट करून खिडकी दाखवली आणि म्हणाल्या, या खिडकीतून माझी आई मला जेवायला हाक मारायची. "खिडकी नवी होती," सर म्हणायचे. "आई कवाच गेल्ती. पण म्हातारी तिकडंच पाहून राहिली होती." त्या आजीबाईंनी सरांना गरम सूपही पाजलं होतं. बीटचं, आंबट.

त्या सुपानं माझं आयुष्य ठरवलं असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरंच, जुन्या इमारती वाचवायचंच काम करायचं हे मी त्या काळोख्या वर्गात ठरवलं.

सरांच्या वर्गाची एक रीत होती. सत्र संपताना प्रत्येकानं तो चौक कागदावर काढायचा, स्लाईड न बघता, आठवणीतून. "उद्या नागपूरवर बॉम्ब पडला तर बर्डीचा बाजार कोण काढून दाखवंल?" असं ते विचारायचे. तुम्ही म्हणाल, आजकालची मुलं, फोनवर पाहिलं नाही का? पाहिलं होतं. फोनवरच्या फोटोत मनोरा उजवीकडे दिसत होता, म्हणून मी एकदा तो उजवीकडे काढला. सर मागे येऊन उभे राहिले. "हे का करून राहिली वं? नदी कोणीकडं आहे?" मी फोनचं सांगितलं. त्यांनी माझ्याच हातातलं रबर घेऊन माझा मनोरा खोडला. "फोनवाल्यानं पल्याडच्या बाजूनं काढला असंन. मी सोता उभा होतो तिथं." मी मनोरा डावीकडे काढला. फोनपेक्षा माणसावर विश्वास ठेवावा एवढं मला कळत होतं.

चौथ्या वर्षी कॉलेजची सहल खरोखरच पोलंडला निघाली. डिसेंबरात, म्हणजे इमारती, नाताळचे बाजार आणि युद्धाच्या खुणा असं सगळं एकाच फेरीत बघता यावं. त्यात एक मोठी गोष्ट होती. त्या शहरातलं वास्तुकलेचं कॉलेज आमच्यातल्या एकाला सहा महिने शिकायला ठेवून घेणार होतं, जेवणाखाण्यासकट. सरांनी माझं नाव पुढे केलं. जुन्या इमारतींचं काम शिकायचं तर तेच गाव, आणि जागा एकच.

माझे बाबा नागपूरजवळच्या कन्हानच्या कोळसा खाणीत हजेरी क्लार्क. त्यांनी सरळ नाही म्हटलं. मग एका रविवारी सर स्वतः स्कूटरवरून कन्हानला आले. आईच्या हातचे तर्री-पोहे खाल्ले, शर्टावर सांडू नये म्हणून गळ्यात रुमाल खोचून. बाबा म्हणाले, "सर, पोरीची जात. येवढ्या दूर, आपलं कोणी नाही तिथं." सरांनी बशी खाली ठेवली. "काहून चिंता करता भाऊ? मी आहो ना." बाबांनी हात जोडले. आमच्या घरी कोणी असं चालून येऊन मुलीसाठी शब्द टाकला नव्हता.

विमानतळावर सर जरा वेगळेच वाटले. पासपोर्ट कोरा करकरीत होता. मी सहज पाहिलं तर म्हणाले, जुना भरला. विमान सुटताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मला वाटलं, इतक्या वर्षांनी पुन्हा तिथं जायचं म्हणून मन भरून आलं असेल. आपल्याला जे वाटायचं असतं तेच आपण बघतो.

तिकडे गेल्यावर मात्र मजा आली. लाकडी टपऱ्यांचे बाजार, दिव्यांच्या माळा, आल्यामधाची मोठाली बिस्किटं, गल्लीच्या तोंडाशी गाणारी पोरं. आमच्यातले दोघं त्यांच्यात शिरून नाचले. सर माकडटोपी घालून टपरी-टपरी बघत हिंडले. "दिवाळीतल्या बर्डीसारखंच आहे," ते म्हणाले, "पण कोणी धक्काच मारत नाही. मजा नाही राहिली." एका घराचं तळघर युद्धात होतं तसं राखून ठेवलं होतं. लोक तिथं लपून राहिले होते. भिंतीवर लहान मुलांची उंची मोजलेल्या रेघा होत्या, एकीवर एक, आणि मग रेघा थांबल्या होत्या. सर तिथं पायरीवर बसले आणि रडले. ते रडणं खोटं नव्हतं. हे मी आजही कोणापुढेही सांगेन.

शेवटी ते शहर आलं. सकाळी तिथल्या कॉलेजात गेलो. निवड करणाऱ्या प्राध्यापक बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, शांत. सरांनी त्यांना आपली रीत मोठ्या अभिमानानं सांगितली आणि म्हणाले, ही मुलगी तुमचा चौक न पाहता काढून दाखवेल. मी काढला. मोठ्या कागदावर, तासभर खपून. कंगोरे, छज्जे, घरांच्या खिडक्या, सगळं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चला, चौकातच जाऊ, कागद घेऊन या.

आम्ही नदीकडून चौकात शिरलो. लख्ख ऊन होतं, कोरडी थंडी. मनोरा उजव्या हाताला होता.

घरं डाव्या हाताला. माझ्या कागदावरचा अख्खा चौक आरशातला होता, एकेक खिडकी बरोबर आणि सगळं उलटं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, तुला हे असं कुणी शिकवलं? मी सरांकडे पाहिलं. मला खात्री होती की आता ते बोलणार. बोलले. चांगल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "या मुलीचा डाव्या-उजव्याचा घोळ पहिल्यापासून आहे. मी कितीदा दुरुस्त केलं."

माझे वर्गमित्र तिथंच होते. प्रत्येकानं मनोरा डावीकडे काढून मार्क घेतले होते. ते मनोऱ्याचे फोटो काढायला लागले. एक जण बुटाची लेस बांधायला खाली बसला. मी कागदाची गुंडाळी केली. आपल्या माणसानं असं केलं की राग नंतर येतो, आधी लाज वाटते, जणू आपणच काही केलं. जागा त्या लेस बांधणाऱ्याला मिळाली.

सर मनोऱ्याच्या जवळ गेले नाहीत. चौकाच्या कडेला उभं राहून ते चष्मा पुसत होते. परतताना ट्राममध्ये त्यांनी एक बिस्किट माझ्यापुढे धरलं. "खा वं. असं होत राहते." मी खिडकीबाहेर बघत बसले.

बाबा विमानतळावर घ्यायला आले होते. सर त्यांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे भाऊ, जरासं लक्ष कमी पडलं." घरी मी सगळं खरं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवढा मोठा माणूस कायले खोटं बोलंल? घरी येऊन शब्द देल्ला त्यांनी. तू लक्ष काहून नाही देल्लं?" सहा महिन्यांची जागा गेली त्याचं दुःख झालं होतंच. पण बाबांच्या त्या प्रश्नानं मी जी रडले, तशी पुन्हा कधी रडले नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर मी ती स्लाईड डब्यातून काढून खिडकीशी धरली. कोपऱ्यात एका दुकानाची बारीक पाटी होती. चौकटीवरच्या ठिपक्याच्या बाजूनं बघितलं तर अक्षरं उलटी दिसत होती; फिरवून धरली तेव्हा सरळ. कोणीतरी कधीकाळी स्लाईडच्या चौकटीवर, ती कुठल्या बाजूनं घालायची ते सांगणारा खुणेचा ठिपका चुकीच्या बाजूला चिकटवला होता, आणि सर वर्षानुवर्षं त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून चौक उलटा घालत आले होते. जो माणूस तिथं एकदा जरी उभा राहिला असता त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. चौक नाही, आजीबाई नाही, सूप नाही. मी स्लाईड परत डब्यात ठेवली.

गंमत बघा. सहलीनंतर सरांना "मी उभा होतो तिथं" असं खरेपणानं म्हणता आलं असतं. पण त्यांनी ती स्लाईड पुन्हा कधी दाखवली नाही आणि त्या चौकाचं नावही काढलं नाही. जिन्यात मी दिसले की ते फोन कानाला लावायचे. मग ते निवृत्त झाले. मी माझं काम करत राहिले. जुन्या इमारतींचंच करते, उशिरानं आणि आडवळणानं शिकले. गेल्या हिवाळ्यात सर गेल्याचं कळलं तेव्हा मी साईटवर होते. मिस्त्रीला काय सांगत होते ते सांगून पूर्ण केलं.

महिनाभरानं काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला. "एकदा घरी येशील का वं?" नाही म्हणता आलं नाही. दुपारची गेले. काकूंनी चहा ठेवला, जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या विमानाच्या ट्रिपमध्ये तू होती ना? जिंदगीत एकदाच गेले. पासपोर्ट काढला तवा पोरावाणी मले दाखवत बसले. आल्यावर मात्र त्या चौकाबद्दल एक शब्द नाही बोलले. मी विचारलं तर उठून जात. येवढ्या वर्सापासून ज्याचा जप केला, तिथं पोचल्यावर ते काय म्हणाले, मले सांग."

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. तिथं ते काय म्हणाले हे कुणीतरी मला विचारावं, म्हणजे मी शब्दन्‌शब्द सांगेन. बाबांनी विचारलं नाही, वर्गमित्रांनी नाही, कॉलेजनं नाही. आणि विचारणारी निघाली ही.

"म्हणाले," मी म्हटलं, "तुझ्या काकूले संगं आणाले पायजे होतं."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी नणंदेला हाक मारली. "ताई, इकडं या. ही होती त्यांच्यासंगं तिथं. सांग वं पुन्हा, काय म्हणाले ते."

नणंदबाई भिंतीला धरून हळूहळू येऊन बसल्या. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मी थोडा बर्फही पाडला.