वरातीत गाडी का बंद पडली

माझ्या मावसबहिणीला सासरी पांढऱ्या पायाची म्हणतात, कारण एका इंजिनाला हवा मिळाली नाही. हे वाचून कुणाला हसू आलं तर त्याने हसून घ्यावं. आम्हाला ते जमलं नाही.

ती धुळ्याची. सासर जळगावचं, कापसाच्या जिनिंगवालं. लग्न ठरल्यावर आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा नवऱ्या मुलाने चहा अर्धवट ठेवला आणि तिला नि मला गाडी दाखवायला जिनिंगच्या आवारात नेलं. मी घरात चळवळीची पत्रकं वाचत वाढले. वडिलांनी आयुष्यभर वाटलेल्या पत्रकांत असल्या गाडीचा उल्लेख आला असता, तर तो शिवीसारखाच आला असता. मी तोंड वाकडं करूनच गेले.

गाडी जुनी घेतलेली होती, पुण्याहून. दोनच दारं, जमिनीला टेकलेली. इंजिन मागे. सहा सिलिंडर, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपवलेले. या जातीची आधीची इंजिनं हवेवर थंड व्हायची, हे पाण्यावर होतं, असं त्याने सांगितलं.

"लोक या इंजिनाला बदनाम करतात," तो म्हणाला. "भरवशाचं नाही म्हणतात. स्वतः निगा राखत नाहीत आणि नावं इंजिनाला ठेवतात."

मग तो चक्क गुडघ्यांवर बसला आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्यातल्या जाळीत टॉर्च मारून त्याने आम्हाला आत बघायला लावलं. इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे होते, दोन्ही कोपऱ्यांत. पाणी मागून पुढे येतं, वाऱ्याने थंड होतं, परत मागे जातं. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू उडत असतात, ते त्या जाळीतून आत जाऊन गादीसारखे बसतात. म्हणून हंगाम संपला की तो स्वतः बंपर काढून ते साफ करायचा. बोअरचं पाणी त्याने कधी गाडीला दाखवलं नव्हतं. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, आतून थर धरतं.

"आणि गरम व्हायला लागलं तर?" बहिणीने विचारलं.

"जिथे असेल तिथे बंद करायचं. जरासुद्धा ओढायचं नाही. ओढलं की संपलं."

परतताना ती म्हणाली, जो माणूस यंत्राला इतकं जपतो तो माणसालाही जपेल. मी मान डोलावली. मलाही तसंच वाटलं होतं. आज त्या मान डोलावण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

लग्न धुळ्यात झालं. मार्च संपत आला होता आणि ऊन आताच मे महिन्याचं होतं. मी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर जळगावला गेले. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ, तिथून घरापर्यंत वरात काढायची ठरलेली. गाडी त्याचीच, चालवणारही तोच. त्याच्या काकांना सगळे आबा म्हणतात. आबा दसऱ्याला जिनिंगच्या एकेका मशीनला स्वतःच्या हाताने हार घालतात. त्याच हौसेने त्यांनी गाडीच्या तोंडावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल चुनरी ताणून बांधली आणि तिच्यावर झेंडूच्या जाडजूड माळा.

"आबा, तिथून हवा आत जाते," तो म्हणाला.

"आरे, इंजिन तं मांगे शे. पुढे काय शे? डिक्की."

"नवरदेवलेच गरम व्हई राहिनं, आबा, गाडीले नही," कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले. तोही हसला आणि स्टिअरिंगवर बसला.

मी मागच्या सीटवर, जिथे खरं म्हणजे पिशवीच मावते. पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारे, आणि आम्ही मुंगीच्या चालीने. दोघांच्या मधून मला तापमानाचा काटा दिसत होता. तो वर चढत होता. बहिणीलाही दिसत होता. तिने शालूतून हात काढला आणि काट्याकडे बोट केलं.

"बंद करा ना."

"दारापर्यंत जाऊ दे. आबा सगळ्यांसमोर ओरडतील."

लाल दिवा लागला. तरी तो थांबला नाही. मग मागून गोडसर, करपट वास आला, वाफ आली आणि इंजिन आपणहून थांबलं. घर समोर दिसत होतं. सासू ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्याशी उभी होती. डीजेवाल्यानेही आवाज बंद केला.

"सून दारशी उनी नि गाडी बंद पडनी," सासू म्हणाली. जोरात नाही, स्वतःशी बोलावं तशी. तिच्या शेजारची बाई मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पांढरा पायनी शे."

मी नवरदेवाकडे पाहिलं. या गल्लीत कारण माहीत असलेला तो पहिला माणूस होता. त्याने आम्हाला टॉर्च मारून दाखवलं होतं. तो काट्याकडे बघत बसला होता.

म्हणून मीच ओरडले. पुढे कापड बांधलंय, रेडिएटर झाकलेत, हवा गेली नाही, यात हिचा काय संबंध. आबा खिडकीशी वाकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "पाठराखीण जेवीखाईसन चूप राहास, बेटा."

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून पुण्याला गेली. मागोमाग तोही गेला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. इंजिन उतरवलं, उघडलं, नवे भाग मागवले. परत आल्यावर रोज संध्याकाळी मेकॅनिकला फोन: पाण्याचा पंप बदला, पाइप बदला, सगळं पाणी काढून नवीन भरा. इकडे घरात दूध नासलं तरी बहिणीच्या पायांकडे बघायचे. जिनिंगचा पट्टा तुटला तरी तिचेच पाय. ती मला फोनवर सांगायची, तेव्हा पलीकडून त्याचा आवाज यायचा, बोल्ट किती घट्ट करायचे ते विचारणारा. इंजिनाची बदनामी त्याला सोसत नव्हती.

"त्यांना सांग ना बोलायला," मी म्हणायचे.

"सांगितलं. म्हणतात, जाऊ दे, म्हातारी माणसं आहेत."

म्हातारी. सासूचं वय पन्नासही नसेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. सण उरकल्यावर तो तिला न्यायला आला, दुरुस्त झालेल्या गाडीतून. गल्लीतली पोरं जमली. मावशीने आमरस वाढला, सांजोऱ्या वाढल्या. जेवण झाल्यावर बहीण बॅग घेऊन ओट्यावर आली आणि खाली उतरलीच नाही.

"वरातीत गाडी का बंद पडली होती?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्ही सांगा." तिने फोन काढला, सासूला लावला, स्पीकर सुरू केला आणि हात लांब करून त्याच्यासमोर धरला. मावशी पदर तोंडाशी नेऊन मला म्हणत होती, आवर गं तिला. मी हलले नाही.

सासू तिकडून हॅलो, हॅलो करत होती. बहिणीने हात खाली घेतला नाही.

"आई," तो शेवटी म्हणाला, "गाडी हिच्यामुळे बंद पडली नव्हती. आबांनी पुढे कापड बांधलं, हवा गेली नाही. इंजिन तापतंय हे मला दिसत होतं. हिने बंद करायला सांगितलं होतं. मीच नाही केलं."

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मग सासू म्हणाली, "बरं. जेवीसन निंघा. ऊन शे."

बस. एवढंच. 'चूक झाली' असं नाही, सुनेला दोन शब्द नाहीत. इंजिन पुण्याला जाऊन, उघडून, नवं होऊन परत आलं, आणि त्यानंतर कुठे एका बाईवरचा आळ काढायला त्या घराला तोंड उघडावंसं वाटलं. तेही तिने फोन समोर धरला म्हणून.

मी म्हटलं, गाडीत बसू नकोस. माफी मागायला लाव. आबांना आण म्हणावं इथे, चुनरी घेऊन.

"तिथे राहायचं मला आहे," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यासमोर आईला सांगितलं. आता कुणी बोललं तर मी यांच्याकडे बघेन, आणि यांना परत सांगावं लागेल. दर वेळी."

तिने बॅग त्याच्या हातात दिली. त्याने ती निमूट घेतली आणि पुढची डिक्की उघडून आत ठेवली. ती गाडीत बसली. मी अजून रागावलेलीच आहे, तिच्यावरही थोडी.