नानांची दुसरी किल्ली

दोन कागदांच्या मध्ये मी कार्बन घातला, एवढाच माझा गुन्हा. पण त्या कार्बनपायी दिल्लीचं सरकार आणि महाराष्ट्राचं सरकार एकाच मंगळवारी, एकाच वेळी, पौडच्या मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर समोरासमोर येऊन उभं राहिलं. मी तेव्हा आवक-जावक टेबलावर नवा कारकून होतो आणि लग्नही नवंच होतं; म्हणजे डोकं ठिकाणावर नसायला दोन कारणं होती. ही चूक ज्यांनी निस्तरली ते आमचे अव्वल कारकून. तोंडावर त्यांना सगळे नाना म्हणत, आणि पाठीमागे डबललॉक नाना.

कचेरीतल्या ट्रेझरीच्या खोलीला त्या काळी दोन कुलपं असत. एक किल्ली एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. याला डबल लॉक म्हणत. आम्हा बाकीच्यांना ती ट्रेझरीची पद्धत वाटे, नानांना जगायची. त्यांनी राहत्या घरालाही दोन कुलपं केली होती. एकाची किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, दुसऱ्याची काकूंच्या कनवटीला. दुपारी काकू बाजारात नाहीतर देवळात गेल्या, की परत येऊन घराबाहेरच्या ओट्यावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसत. नाना कचेरीतून येणार, मग दोघं मिळून दार उघडणार. येणारेजाणारे हळहळत. काकू म्हणत, "बसू दे हो. नियम आहे त्यांचा."

नानांचं म्हणणं असं, की "एकच किल्ली असली की माणूस मालक होतो. दोन असल्या की दोघंही राखणदार होतात." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या घरात ते उच्चारायला मला बंदी आहे.

त्यांच्यासोबत मी कितीदा तरी घरी गेलो असेन. आधी नाना आपलं कुलूप काढत, मग काकू आपलं, आणि आम्ही टेकतो न टेकतो तोच वाफाळता चहा समोर. काकूंच्या हाताला काय वेग होता! मी प्रत्येक वेळी तोंडभरून कौतुक करी. नाना बशीत फुंकर घालत म्हणत, "आमच्याकडे चहाला वेळ लागत नाही."

आणखी एक सवय सांगतो. कचेरी साडेपाचला सुटे. आम्ही पाच पंचविसालाच चपला शोधू लागत असू. नाना मात्र दौतीला झाकण लावून, टाक पुसून, दोन्ही हात टेबलावर ठेवून आणखी दहा मिनिटं नुसते बसून राहत. मी एकदा विचारलं, "नाना, काही राहिलंय का?" म्हणाले, "काही नाही. पण घंटा झाली म्हणून लगेच उठू नये माणसानं." ही कर्तव्यनिष्ठा मी पुढं आठवडाभर करून पाहिली. आठव्या दिवशी बायकोनं विचारलं, कचेरीत कोण हाय म्हणून.

तर, कार्बन. त्या वर्षी वरून दोन परिपत्रकं आली. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून पुणे, पुण्याहून पौड असा प्रवास करून त्यांच्या कडा चुरगळल्या होत्या. तालुक्यात कोणाकडे किरणोत्सारी पदार्थ असल्यास कळवावे, अशी दोन्हींत आज्ञा होती. केंद्राचं म्हणणं, थेट आम्हाला कळवा, इतर कोणी हात लावू नये. राज्याचं म्हणणं, आमच्यामार्फत कळवा, आमच्या हुकमाशिवाय काही हलवू नये. सगळ्या गावच्या तलाठ्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे उत्तर धाडलं: निरंक. म्हणजे आमच्याकडे काही नाही. रिह्यात निरंक, नेऱ्यात निरंक, उरवड्यात निरंक. मी पौडचंही लिहून टाकलं. नानांनी सही केली नाही. ते म्हणाले, "निरंक लिहायच्या आधी निदान एकदा बघावं."

त्यांनी परिपत्रकामागचं इंग्रजी परिशिष्ट वाचलं होतं. ते वाचणारा सगळ्या तालुक्यात हा एकच माणूस असावा. त्यात लिहिलं होतं, की घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून जो रंग लावतात, त्यात रेडियम असतं आणि रंगवताना ब्रश ओठांत धरणं फार घातक. नानांनी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि परत घातली. अवघड प्रसंगी ते असंच करत. जणू उत्तर टोपीत लिहून ठेवलेलं असावं. मग म्हणाले, "चल, बाबूभाईंकडे."

बाबूभाई म्हणजे आमच्या पेठेतले घड्याळजी. मुंबईच्या जुन्या बाजारातून लढाईच्या मालातली अंगठ्याएवढी एक बाटली त्यांनी आणली होती. तिच्यातला रंग लावून ते आकडे चमकवून देत. धरणावर पाळीनं काम करणारी माणसं त्यासाठी त्यांच्याकडे रांग लावत. आम्ही गेलो तेव्हा ते ब्रशाला ओठांत टोक काढतच बसले होते.

"बाबूभाई, तो ब्रश तोंडात घालू नका."

"आवो नाना, टोक आल्याबिगर आकडा उठंल का? बारा वर्सं घालतोय. गोड न्हाई का कडू न्हाई."

"चवीचं नाही म्हणत मी. विष आहे ते. हाडात जाऊन बसतं, असं लिहिलंय सरकारनं."

बाबूभाईंनी ब्रश खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "हाडातलं मागनं बघू. आदी ह्ये सांगा, सरकार मला बेडी घालणार का? दुकान गेलं तर खाऊ काय? घरात पाच तोंडं हायेत."

नाना म्हणाले, "बाटली जाईल. तुम्ही जाणार नाही."

शब्द तर दिला. पण तो पाळायला त्या घडीला त्यांच्या हातात काही नव्हतं, हे मला आणि त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बाबूभाईंना बाटली आणि ब्रश एका डब्यात बंद करायला लावलं, हात धुवायला लावले आणि कचेरीत आणून अर्ज लिहून घेतला: माझ्याकडील रंग घातक असल्याचे आज समजले, तो मी स्वखुशीने जमा करीत आहे. अर्ज एकच, पण वर नावं दोन, केंद्र आणि राज्य. मी त्यावर आवक नंबर घातला.

नानांचा बेत साधा होता. केंद्राच्या साहेबांना मंगळवारी बोलवायचं, राज्याच्या साहेबांना गुरुवारी. "मंगळवारी एकाचं ऐकू, गुरुवारी दुसऱ्याचं, आणि शुक्रवारी आपल्याला हवं ते करू." दोन्ही पत्रांचा मजकूर तोच, फक्त वार वेगळा. ते 'फक्त' माझ्या ध्यानातून गेलं. मी कार्बन घातला, एका लिहिण्यात दोन पत्रं काढली आणि उरलेल्या वेळात बायकोला पत्र लिहिलं. ती माहेरी, रिह्याला गेली होती.

मंगळवारी सकाळी दोन जीपगाड्या लागल्या. एकीतून उतरले मुंबईचे अणुखात्याचे साहेब, तरुण, बारीक, हातात यंत्राची पेटी. दुसरीतून पुण्याचे साहेब, कोटाची बटणं कशीबशी लागलेली. नानांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, आत पाहिलं, घातली. रागाचा एक शब्द नाही. एवढंच म्हणाले, "खुर्च्या दोन आण. सारख्या उंचीच्या."

खुर्च्या सारख्या होत्या, पण भांडण व्हायचं ते झालंच.

"पदार्थ केंद्राचा आहे. खटला आम्ही भरणार," मुंबईचे म्हणाले.

"दुकान आमच्या हद्दीत आहे. भरायचाच तर आम्ही भरू," पुण्याचे म्हणाले.

मध्ये बाबूभाई उभे. कोणाच्या हातून आपण मरायचं याचा निकाल ऐकायला आल्यासारखा त्यांचा चेहरा. बोटं सदऱ्याच्या बटणाशी चाललेली.

नानांनी तो अर्ज दोघांच्या मधोमध ठेवला. "खटला कोणीही भरा साहेब. पण त्याआधी हा अर्ज निकालात काढावा लागेल. माणूस आपण होऊन जमा करतोय, दोघांनाही लिहितोय. यावर 'नामंजूर' असा शेरा हवा. कोणत्या साहेबांनी लिहायचा?" आणि त्यांनी टाक पुढं केला.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. नामंजूर लिहिणारा पुढच्या सगळ्याला जबाबदार, हे दोन्ही सरकारांना सारखंच पाठ होतं. टाक टेबलावर तसाच पडून राहिला. शेवटी पुण्याचे साहेब म्हणाले, "मंजूर लिहायला माझी हरकत नाही, यांची नसेल तर." मुंबईचे म्हणाले, "माझी कुठे होती?" दोघांनी एकाखाली एक सह्या केल्या. बाबूभाई तिथंच खाली बसले.

मग मुंबईच्या साहेबांनी यंत्र काढलं. बाटलीजवळ नेताच ते भाजणीच्या तव्यासारखं तडतडू लागलं. सगळे दोन पावलं मागं सरले. साहेब खोलीभर यंत्र फिरवत माझ्यापाशी आले, तर ते पुन्हा तडतडलं! कचेरी माझ्याकडे पाहू लागली. माझ्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ होतं; पंधराच दिवसांपूर्वी मी बाबूभाईंकडून त्याचे आकडे रंगवून घेतले होते. बायकोला अंधारात चमकून दाखवायचे म्हणून. पंचनाम्यात बाटलीखाली ब्रश आला, आणि ब्रशाखाली "मनगटी घड्याळ, एक, चालू".

आता माल कोणी न्यायचा यावर पुन्हा अडलं. मुंबईचे म्हणाले, आत्ता नेतो. पुण्याचे म्हणाले, वरून हुकूम आल्याशिवाय नाही. नाना या क्षणाची आयुष्यभर वाट पाहत असावेत. त्यांनी एक पेटी आणली, मुंबईच्या साहेबांनी माल घालायला आणलेलं शिशाचं भांडं तिच्यात ठेवायला लावलं आणि वर दोन कुलपं घातली. एक किल्ली केंद्राला दिली, एक राज्याला. पेटी कचेरीमागच्या रिकाम्या दगडी खोलीत गेली. साहेबांनी भिंतीबाहेरून यंत्र लावून पाहिलं, काही नाही. तरी नानांनी भोवती चुन्याची रेघ मारली आणि शिपायाला बजावलं, की इथं शेळी बांधायची नाही.

बाबूभाईंच्या तब्येतीचंही नानांनी तसंच केलं. तपासणी केंद्रानं करायची, गाडीभाडं राज्यानं द्यायचं. बाबूभाई मुंबईहून आले ते दात दाखवत. "एक दाढ किडलीया, बाकी सगळं बेस म्हनले. वर्साला एकदा यायचं. दिल्लीनं तोंड बगितलं, म्हाराष्ट्रानं तिकीट काडलं! आमच्या आज्यापंज्याला बी ह्ये मिळालं न्हाई." दुकान चालूच राहिलं. आकडे चमकेनासे झाले, तरी घड्याळं बिघडायची काही थांबली नाहीत.

हुकूम दिवाळीनंतर आला. दोन्ही साहेब पेटी उघडायला आले. पुण्याच्या साहेबांनी किल्ली काढली. मुंबईच्या साहेबांनी काढली ती त्यांच्या घरच्या कपाटाची निघाली. कोणी तरी म्हणालं, कुलूप फोडू. नाना टोपी न काढताच म्हणाले, "किल्ली इथं येत नसेल तर पेटी किल्लीकडे जाईल. पण दुसरी किल्लीही सोबत गेली पाहिजे." म्हणून पुण्याच्या साहेबांना मुंबईला जाणं आलं. एकाच जीपमध्ये दोघं पुढं चिकटून बसले, पेटी पार मागं. पिरंगुटच्या बाजूला जीप वळेपर्यंत दोघांचं हसणं ऐकू येत होतं. पुढं त्यांचा घरोबा झाला म्हणतात.

माझं घड्याळ काही परत आलं नाही. पावती आहे. सासरे मात्र रिह्यात अभिमानानं सांगत, "आमच्या जावयाचं घड्याळ सरकारला पाहिजे व्हतं."

नाना निवृत्त झाले त्याच सुमारास आम्ही उरवड्याला दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला त्यांनी दोन नवी कुलपं आणली. एक किल्ली माझ्या हातावर ठेवली, एक बायकोच्या. म्हणाले, "आता एकट्यानं घरात शिरायचं नाही." काकू तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि बराच वेळ काहीतरी सांगत बसल्या. आमटीचा मसाला असेल, असं मला वाटलं. तेव्हापासून दोन्ही कुलपं मी निष्ठेनं पाळली. परतल्यावर बायको पायरीवर बसलेली दिसे, मी माझं कुलूप काढी, ती तिचं, आणि हो, आमच्याकडेही चहाला वेळ लागत नसे. मला वाटे, काकूंकडून शिकली.

गेल्या वर्षी नाना गेले. झोपेत, कोणाला काही करायला न लावता. महिन्यानं आम्ही काकूंना भेटायला पौडला गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि दाराला दोन्ही कुलपं होती. उठून त्यांनी दोन्ही उघडली. पदराला दोन्ही किल्ल्या बांधलेल्या. आम्ही टेकतो तोच चहा आला. मी सवयीनं म्हणालो, "काकू, तुमचा हात अजून तसाच चालतो हो!" काकूंनी माझ्या बायकोकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

उरवड्याला परतलो तर माझी किल्ली सापडेना. सगळे खिसे उलटे केले. पौडलाच राहिली असणार. मी म्हणालो, "तू बस पायरीवर. शेवटच्या गाडीनं जाऊन घेऊन येतो."

बायकोनं कनवटीला हात घातला. किल्ल्या दोन निघाल्या. तिनं शांतपणे माझं कुलूप काढलं, मग तिचं काढलं. मी विचारलं, "काकूसुद्धा?"

"पयल्यापास्नं. आत जायचं, चहा टाकायचा, परत दोनी कुलपं लावून वट्यावर येऊन बसायचं," ती म्हणाली.

"आणि नानांना पत्ता नाही?"

"तुमी म्हंजी ना..." तिनं दार लोटलं. "अवो, नानांना सगळं ठावं व्हतं. त्याबिगर का रोज धा मिन्टं उशिरा निगायचे?"