डब्यावरचा गंज

मालगाडीच्या डब्याचं छोटं मॉडेल जोडून झालं की माझं खरं काम सुरू होतं. कोरा करकरीत डबा खोटा दिसतो, तो जुना करावा लागतो. हल्ली रविवारी सकाळी मी तळहाताएवढ्या डब्यावर गंज रंगवत बसतो. तपकिरीत थोडा नारिंगी मिसळायचा, स्पंजच्या तुकड्याने बिजागऱ्यांपाशी टिपायचा, मग बारीक ब्रशने ओघळ खाली ओढायचा. चहा निवून जातो.

आज बायको गॅलरीत कपडे वाळत घालून आत आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली.

"अगबाई, किती खरा वाटतो हो गंज! हातात घेऊ?"

"घे की. वाळलाय रंग."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर मी काहीतरी उत्तर तरी दिलं असतं. तिने हात पुढे केला. दोरीपर्यंत पोचायला ती ओल्या हाताने गॅलरीचं ग्रिल धरते, त्याचा तपकिरी पट्टा तळव्यावर उमटला होता. ते ग्रिल रंगवायचं मी दिवाळीपासून नुसतं म्हणतोय.

माणूस काळाची नक्कल किती निगुतीने करतो! आणि खरा काळ घरात शिरतो, तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसतो.

तिने डबा अलगद तळव्यावर ठेवला. दोन्ही गंज शेजारी शेजारी आले. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की रंग अगदी बरोबर जुळलाय.

लाज वाटली ती त्यानंतर.