दर शनिवारी खुर्चीत बेशुद्ध

दर शनिवारी दुपारी आमची ही दवाखान्याच्या खुर्चीत बेशुद्ध पडायची. कुणी पेशंट कोसळला तर काय करायचं, त्याची तालीमच होती ती. मी खुर्ची आडवी करून तिचे पाय वर घ्यायचे, आणि तिने एक डोळा किलकिला करून म्हणायचं, "मेले की हो मी तोवर!" मी चिडायचो. दातांच्या दवाखान्यात कुणाच्या जिवाला काय होणार, असं समजणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

गुलमंडीत जिना चढून वर आमचा दवाखाना. ऑक्सिजनचा सिलिंडर, इंजेक्शनांचा लाल डबा, ग्लुकोजची पुडी, एवढाच सरंजाम. वाळूजला कारखाने उभे राहत होते, तशी पेशंटची गर्दी वाढत होती. विद्यापीठाच्या नामांतरापायी शहर मात्र कधी बंद होईल, याचा नेम नसे.

अशाच एका बंदच्या सकाळी पिशोरच्या एक मावशी पहिल्या एसटीने कशाबशा येऊन पोचल्या. हिने नेहमीप्रमाणे विचारलं, "मावशी, काय खाल्लं?"

"भाकर खाल्ली की, बाई."

मी भूल दिली. थोड्याच वेळात मावशींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं भरकटलं. रस्त्यावर रिक्षा नाही, मोठं इस्पितळ लांब. रक्तातली साखर उतरली होती, पण त्यांना गिळता येत होतं. मी त्यांना सावरून बसवलं, तोवर हिने ग्लुकोज कालवलंही होतं. चमचा चमचा करून तिने ते पाजलं.

हळूहळू मावशींची नजर ठिकाणावर आली. "निघाला का दात?" त्यांनी विचारलं. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

मग खरं बाहेर आलं. "दात काढायचा तर उपाशीच यावं लागतंय, आमच्याकडं समदे असंच येतेत. शुगरची गोळी तेवढी घेतली. खरं सांगितलं असतं तर तुमी वापस लावलं असतं."

ही त्यांच्यावर भरपूर रागावली आणि आमच्या डब्यातली पोळी-भाजी पुढ्यात ठेवून म्हणाली, "दुसऱ्या बाजूनं चावा." दात त्या दिवशी राहिलाच. त्यानंतर मात्र हिची चौकशी पोलिसासारखी असे: कधी खाल्लं, कशाशी खाल्लं, कुणी वाढलं?

ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तालमीला रबरी बाहुली आली आहे. ती थट्टा करत नाही, म्हणून मला आवडत नाही. गेल्या शनिवारी तालमीला बाहुलीऐवजी मीच खुर्चीत आडवा झालो. मदतनीस मुलीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "सर, सकाळी काय खाल्लं?"

घरी हे विचारणारं आता कुणी नाही.

"भाकर खाल्ली की," मी मावशींसारखंच खोटं बोललो.