साठ किलोची माणसं

नर्सिंगच्या शाळेत औषधाच्या मापाचा विषय शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागे शंभरबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. नावाचं कारण साधं होतं. त्यांच्या पेपरात वीस गणितं असत आणि पास व्हायला शंभरपैकी शंभर लागत. एक गणित चुकून पंच्याण्णव पडलेली मुलगी नापास, मग तिनं कितीही रडावं. "पंच्याण्णव म्हणजे चांगलेच की हो, बाई," असं एका मुलीच्या वडिलांनी एकदा येऊन सांगितलं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "चांगले आहेत. आता उरलेल्या पाच जणांच्या घरी निरोप सांगायला तुम्ही जाणार का?" वडील आल्या पावली परत गेले.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंचं तोंड फार पूर्वी पोळलेलं होतं. शाळेत असताना त्यांचं गणित इतकं कच्चं होतं, की भागाकार दिसला की त्यांना तहान लागायची. नर्स झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्यासाठी सिरिंजमध्ये दहापट औषध ओढलं होतं. पॉइंट जिथे हवा तिथे नव्हता, एवढंच. मोठ्या सिस्टरनं वेळेवर मनगट धरलं म्हणून म्हातारा घरी गेला, आणि जाताना बाईंनाच आशीर्वाद देऊन गेला. त्या आशीर्वादानं त्यांची झोप उडाली. पुढे त्यांनी हट्टानं हाच विषय शिकवायला घेतला. दुसऱ्या कुणाला तो नकोच होता, त्यामुळे भांडावं लागलं नाही.

आता गंमत पाहा. पास करायला इतक्या कडक असलेल्या या बाई गणितं मात्र फार मऊ घालत. त्यांच्या गणितातला प्रत्येक मोठा माणूस साठ किलोचा असे. बाई असो, बुवा असो, पैलवान असो की आजारानं खंगलेला, काट्यावर उभा राहिला की साठ. मुलं दहा किलोची, नाहीतर वीस. मधल्या वजनाचं मूल बाईंच्या राज्यात जन्मालाच येत नसे. किलोला दोन मिलिग्राम, म्हणजे एकशेवीस. एका मिलिलिटरमध्ये चाळीस, म्हणजे तीन मिलिलिटर. पॉइंट नाही, बाकी नाही, कटकट नाही. बाईंनी हे काही ठरवून केलं नव्हतं. एवढे पेपर हातानं तपासायचे, तर उत्तर डोळ्यांना पटकन दिसायला हवं, आणि आतल्या आत त्यांना भागाकाराची जुनी तहान अजून लागतच होती. पण असं त्यांना कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

निकाल अर्थातच उत्तम लागे. पहिल्या फटक्यात दहा-बारा मुली पडत, फेरपरीक्षेत सगळ्या उठत. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन वर्गाच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "आमच्याकडे शंभराखाली कुणी पासच होत नाही!" पाहुणे माना डोलवत. बाई फळ्याकडे तोंड करून खडू झटकत राहत, म्हणजे हसू दिसत नसे.

त्या वर्षीच्या वर्गात टाचणी होती. अंगानं बारीक, बोलणं थोडं आणि टोचेल असं, म्हणून टाचणी. घरी एकटी आई होती आणि तिनं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून हिला इथवर आणलं होतं. बाईंच्या हाताखाली दर चाचणीत शंभर मिळवणारी ही एकच मुलगी. बाई वरकरणी तिच्याशीही तुसड्याच वागत, पण तिची वही सगळ्यात शेवटी तपासत. माणूस ताटातला आवडीचा घास मागे ठेवतो, तशी.

मुलांच्या वॉर्डात मुलींची ड्यूटी सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. एका पोराला ताप होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं, किलोला पंधरा मिलिग्राम. बाटलीवर होतं, पाच मिलिलिटरमध्ये एकशेवीस. टाचणीनं पोराचं वजन केलं, कागदावर आकडेमोड केली, औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि बाईंना दाखवायला आणलं. दहा मिलिलिटर, रेघेला रेघ.

बाईंनी कागद पाहिला. वजन सोळा किलो. सोळा गुणिले पंधरा, दोनशेचाळीस. बरोबर दहा. गणित असं जमलं होतं, की फळ्यावर मांडून ठेवावं. त्या मान हलवणार, एवढ्यात त्यांची नजर पोराकडे गेली. आईच्या मांडीवर पडलेलं ते पोर सोळा किलोचं वाटेना. आणि कागदावर सोळाच्या खाली काहीतरी खोडलेलं होतं.

"काटा आण," बाई म्हणाल्या.

पोर पुन्हा काट्यावर बसलं. चौदा पॉइंट तीन.

"मघाशी किती आलं होतं?"

"चौदा पॉइंट तीनच."

"मग सोळा कुठून आणलंस?"

टाचणीनं खाली पाहिलं. "त्यानं आठ पॉइंट नऊ तीन सात पाच येत होतं, बाई. दोनदा केलं, तरी तेच. पोरगं काट्यावर सारखं हलत होतं. मला वाटलं, काटाच चुकला असेल. सोळा धरलं तर जमत होतं."

"जमत होतं म्हणजे?"

"तुमची गणितं नेहमी जमतात ना? उत्तर तुटकं आलं, की समजायचं कुठेतरी चुकलंय. आम्ही सगळ्या तसंच तपासतो."

बाईंना एकदम खुर्ची हवीशी वाटली, पण वॉर्डात खुर्च्या नातेवाइकांसाठी असतात. त्यांनी सिरिंजमधलं जास्तीचं औषध स्वतः काढून टाकलं, आठ पॉइंट नऊवर आणलं आणि पोराला पाजायला लावलं. तापाच्या औषधाची एवढी चूक पोरानं पचवलीही असती. पण उद्या हृदयाच्या औषधाला हीच मुलगी अशीच जमवाजमव करणार होती आणि तिच्यासारख्या सव्वीस जणी एकेका वॉर्डात जाणार होत्या. त्या सगळ्यांना ही युक्ती कुणी शिकवली, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. बाईंना स्वतःची शरम वाटली. इतकी, की त्या दिवशी टाचणीला रागावायचंही राहून गेलं.

ते काम वॉर्डच्या मुख्य सिस्टरनं केलं. तिनं वजन खोडल्याची तक्रार लेखी दिली. प्राचार्यांनी टाचणीला बोलावलं आणि सांगितलं, "वार्षिक पेपरात पहिल्याच खेपेला शंभर पाडलेस तर राहशील. इतरांना फेरपरीक्षा आहे, तुला नाही. नाहीतर आईला घेऊन ये आणि दाखला ने." बाई मध्ये पडल्या, "चूक माझी आहे, सर." प्राचार्य हसले. "बाई, तुमची चूक? तुमचे निकाल बघा जरा!" स्वतःच्याच चांगल्या नावानं माणसाचं तोंड कसं बंद होतं, ते बाईंना तेव्हा कळलं.

घरी त्यांनी ही हकीकत नवऱ्याला सांगितली. तो चपलांच्या दुकानात विक्रीला होता आणि जगातला कुठलाही प्रश्न पायांवर आणून सोडवायचा.

"यात काय एवढं?" तो म्हणाला. "आमच्याकडे नंबर सात आणि आठ. पाय येतात साडेसातचे. मग आम्ही सातची चढवतो आणि म्हणतो, वापरून सैल होईल."

"चप्पल आठची असेल तर?"

"तर म्हणतो, वापरून घट्ट होईल."

"आणि गिऱ्हाईक?"

"लंगडतं थोडे दिवस. मरत नाही कुणी."

बाईंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली आणि उठून गेल्या. त्याला आपण फार मोलाचं बोललो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वॉर्डातला एक जुना काटा उचलून शाळेच्या दारात आणून ठेवला. या वर्षीच्या पेपरात खोटं माणूस एकही घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. येईल त्याला त्या काट्यावर चढवू लागल्या. पहारेकऱ्यानं बूट काढायला नकार दिला, मग बूट वेगळे तोलून वजा करावे लागले. झाडूवाल्यानं दोनदा चढून पाहिलं, दुसऱ्यांदा तरी कमी भरतो का म्हणून. प्राचार्य लांबूनच म्हणाले, "माझं सत्तर लिहा."

"विचारून लिहायचं नसतं, सर. तोलून लिहायचं असतं."

प्राचार्य चढले. त्र्याऐंशी पॉइंट सहा. "काटा बिघडलाय तुमचा," ते म्हणाले आणि तडक केबिनमध्ये गेले. स्वयंपाकघरातली मावशी मात्र हसत चढली. अठ्ठावन्न पॉइंट चार.

पेपर झाला. तासभर वर्गात नुसते उसासे ऐकू येत होते. एका मुलीनं उठून विचारलं, "बाई, हे उत्तर असं लांबच लांब येतंय. पेपर चुकलाय का?" बाई म्हणाल्या, "नाही. माणसं अशीच असतात." तीन-चार जणींनी भीतीपोटी पुन्हा गोल आकडे धरले, बाकीच्या भागाकारात बुडाल्या. बाईंनी घरी आणून पेपर तपासले. उत्तरसूची त्यांनी आधीच स्वतः सोडवून ठेवली होती आणि त्या सूचीप्रमाणे शंभर कुणालाच पडले नाहीत. टाचणीला पंच्याण्णव.

बाई बराच वेळ तो पेपर समोर घेऊन बसल्या. पाच गुणांसाठी पोरीचं आयुष्य वाहून चाललं होतं आणि पाच गुणांना जीव लावायला बाईंनीच जगाला शिकवलं होतं. एक रेघ इकडची तिकडे केली असती, तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी ती केली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

निकाल लागला त्या दुपारी टाचणी वर्गात आली. डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता.

"माझं मावशीचं गणित तुम्ही चूक दिलंय."

"चूक आहे म्हणून दिलंय. तुझं तीन पॉइंट सहा पाच. उत्तर तीन पॉइंट सात पाच आहे."

"नाही, बाई."

"काय नाही?"

"तीन पॉइंट सहा पाचच आहे."

आजवर बाईंनी 'पुन्हा बघ' म्हटलं की मुली पुन्हा बघत आणि बाईंना हवं ते उत्तर त्यांना दिसे. टाचणी जागची हलली नाही. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर मांडलं. मावशी अठ्ठावन्न पॉइंट चार. किलोला अडीच मिलिग्राम, म्हणजे एकशेसेहेचाळीस. एका मिलिलिटरमध्ये चाळीस. तीन पॉइंट सहा पाच.

"मी पाच वेळा केलंय," ती म्हणाली. "सूची चुकली असेल. मी नाही बदलणार."

"मला शिकवतेस?" बाई कडाडल्या. टाचणीनं खडू खाली ठेवला, पण फळ्यावरचा आकडा तिनं पुसला नाही.

बाईंनी रागारागानं कागद ओढला आणि गणित करायला घेतलं. एकशेसेहेचाळीस भागिले चाळीस. त्यांना तहान लागली. उत्तर आलं, तीन पॉइंट सहा पाच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतःची उत्तरसूची उलटी सोडवत नेली. तीन पॉइंट सात पाच गुणिले चाळीस, दीडशे. दीडशे भागिले अडीच.

साठ.

मावशीला त्यांनी स्वतःच्या हातानं काट्यावर चढवलं होतं, स्वतःच्या अक्षरात अठ्ठावन्न पॉइंट चार लिहिलं होतं आणि सोडवायला बसल्यावर मुकाट्यानं साठ धरलं होतं. उलट, ज्या दोघींनी भीतीपोटी मावशीला साठ किलोची करून टाकलं होतं, त्यांना बाईंनी त्या गणितात पैकीच्या पैकी गुण दिले होते. बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. टाचणीसमोर त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. तिच्या पेपरावरची फुली खोडली, खाली सही केली आणि म्हणाल्या, "आईला कळव. दाखला न्यायला यायचं नाही म्हणावं."

संध्याकाळी त्या प्राचार्यांकडे गेल्या.

"पास किती?" प्राचार्यांनी विचारलं.

"एक."

"एक!" प्राचार्यांनी चष्मा काढला. "आणि बाकीच्या?"

"सोमवारी फेरपरीक्षा. सत्तावीस जणी बसतील."

"वर्गातच सत्तावीस आहेत, त्यातली एक पास झाली. सव्वीसच उरल्या की."

"सत्ताविसावी मी. माझंही एक चुकलं, मलाही पंच्याण्णवच पडले. आपल्याकडे शंभराखाली कुणी पास होत नाही ना?"

प्राचार्यांना हे विनोदानं घ्यावं की कसं, ते कळेना. "अहो, पण पेपर काढणार कोण? तपासणार कोण?"

"टाचणी."

"ती पोरगी? तिला दयामाया नाही, बाई. नापास करून ठेवेल तुम्हाला."

"करेल," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तिला पास केलंय."