बाळापूरची आठ मिनिटं

दहावीला जहाँआरा चुलत भावाच्या, वकारच्या, दोन मार्कांनी पुढे गेली आणि ते दोन मार्क त्याला पन्नाशीपर्यंत खुपत राहिले. पुढे ती गणितात डॉक्टरेट मिळवणारी बाळापूरची पहिली बाई ठरली, अमरावतीच्या कॉलेजात शिकवू लागली, तिचं संशोधन परदेशात छापून आलं. वकार गावातच गणिताचा मास्तर. प्रमेय अडलं की ती जानमाज अंथरून दुवा मागते, हे ऐकून तो म्हणे, दुवा मागून गणितं सुटली असती तर शाळा कशाला काढल्या असत्या? पण तिची सुटत होती, आणि त्याचा नुसता जळफळाट होत होता.

गावात त्याला मान होता तो एकाच गोष्टीचा. रमजानात रोजा धरण्या-सोडण्याच्या वेळांचं कार्ड वीस वर्षं तोच करायचा. मोबाईल काहीही दाखवो, मशिदीचा भोंगा सरांच्या कार्डावर वाजे. यंदा कमिटीत कुणी तरी सुचवलं, कार्ड जहाँआराला करू द्या. वकारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला विचारायच्या आत त्याने अमरावतीचं कार्ड समोर घेऊन बाळापूरचं छापूनही टाकलं. बाळापूर पश्चिमेला, तिथे सूर्य चार मिनिटं उशिरा मावळतो. ती चार मिनिटं मिळवायची सोडून पठ्ठ्याने वजा केली.

पहिले दोन दिवस आभाळ होतं. तिसऱ्या दिवशी जहाँआरा माहेरी, वकारच्याच घरी, आली. भोंगा वाजला, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. तिने हातातच धरला. वकारला वाटलं, झालं, आता ही धर्मातही आपल्यापुढे. तिने फक्त खिडकीकडे बोट केलं. किल्ल्याच्या बुरुजावर अजून ऊन होतं.

सूर्य मावळायच्या आत सोडल्याने अख्ख्या गावाचे तीन रोजे वाया गेले होते. आता ही कमिटीला फोन लावणार, या धास्तीने वकार मान खाली घालून बसला. आठ मिनिटांनी तिने रोजा सोडला, नमाज पढली आणि त्याला बाजूला बोलावलं.

“भाईजान, तुमीच जाऊन सांगा. माह्या तोंडून निंगालं तं लोक तुमचं आयकनं सोडतीन.”

वकारने मशिदीत चूक कबूल केली. ती कुणी पकडली, ते मात्र सांगितलं नाही. रोजे पुन्हा ठेवावे लागणार होते, तरी लोकांनी त्याच्या खरेपणाची वाहवा केली.

घरी ती बातमी आधीच पोचली होती. जहाँआरा दारात उभी होती, मनापासून खूश. त्याने तिच्या चेहऱ्यावर कुठे खोट दिसते का ते पाहिलं. दिसली नाही, आणि मशिदीत चूक कबूल करण्यापेक्षा त्याला तेच जास्त जड गेलं.